सात नंबर भाड्याला नाही

क्युपर्टिनोत गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं ठेवतात. तीस हजार डॉलरची गाडी बाहेर उन्हात तापते आणि आत सावलीत रिकामी खोकी सुखानं झोपतात. केदार बारबोलेचं गॅरेज या रिवाजाला अपवाद नव्हतं. टीव्ही केव्हाच जुना झाला होता, पण त्याचं खोकं होतं. फुटलेला आइसबॉक्स होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध चार सायकली एकमेकींच्या पायांत पाय अडकवून पडल्या होत्या.

पहिली खुद्द केदारची. कार्बनची, करंगळीवर उचलता येईल अशी, साडेतीन हजार डॉलरची. दुसरी त्याच्या बायकोची, सुनेत्राची. ती एका एक जानेवारीला घेतली आणि दोनदा चालवली, त्यातही एकदा दुकानातून घरी आणताना. तिसरी मुलीची, चारुताची, जिच्यापेक्षा चारुता आता वीतभर उंच झाली होती. चौथी लोखंडी. केदारनं एम.एस. करताना घेतलेली. तिचं मागचं चाक इतकं वाकडं, की फिरवलं तर नाचल्यासारखं दिसायचं.

गॅरेजमध्ये सायकलींसाठी नीट जागा करायची, हा केदारचा चार वर्षांचा संकल्प. त्यासाठी तो सामान मात्र मन लावून आणी. टांगायचे हूक आले, हत्यारं अडकवायची भोकांची फळी आली, सायकल धरून ठेवणारा स्टँड आला, भिंतीत लाकूड कुठं आहे ते ओळखणारं एक टुकटुक करणारं यंत्रही आलं. सगळं खोक्यात. "धिस वीकेंड नक्की," असं तो दर गुरुवारी म्हणे. शनिवारी ऑफिसचा कॉल निघे.

२००६च्या जून महिन्यात त्याची आई, अहिल्याबाई, बार्शीहून सहा महिन्यांसाठी आल्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलाशी पोटभर बोलायचं, एवढ्या एका इच्छेवर त्यांनी बावीस तासांचा प्रवास, दोन विमानं आणि एक अतिशय संशयास्पद उपमा सहन केला होता. तीन महिने झाले, तरी मुलाच्या तोंडून त्यांच्या वाट्याला तीनच वाक्यं येत होती. सकाळी, "आई, गोळी घेतलीस?" संध्याकाळी, "आई, जेवलीस?" आणि मधल्या वेळात ओठांवर बोट ठेवून, "आई, कॉलवर आहे." पहिल्या दोन्हींना त्या "हो" म्हणत. तिसऱ्याला काहीच म्हणायची सोय नव्हती.

वाईट मुलगा नव्हता हो. उलट इतका गुणी, की आईला काही कमी पडू नये म्हणून दिवसभर काम करायचा आणि त्यामुळे आईला तोच कमी पडायचा.

बार्शीत अहिल्याबाईंचं आयुष्य सायकलींत गेलं होतं. 'एकनाथ सायकल मार्ट' हे दुकान नावाला नवऱ्याचं होतं, हात दोघांचे. तासाच्या भाड्यानं द्यायच्या बारा सायकली होत्या आणि प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पिवळ्या रंगात नंबर. दर खंडेनवमीला पान्हे-पकडींची पूजा झाली, की एकनाथराव मांडी घालून हे नंबर नव्यानं रंगवत. फक्त सात नंबर कधी भाड्यानं गेली नाही. लग्नानंतर दुपारच्या वेळी दुकानाची फळी अर्धी लावून त्यांनी बायकोला सायकल शिकवली ती त्या सातवर. कुणी मागितली, की एकनाथराव गंभीर चेहऱ्यानं सांगत, "सात पंक्चर आहे." सायकल एकतीस वर्षं पंक्चर होती. गावात कुणीही विचारलं नाही, की अहो, तुमचंच दुकान ना?

आणि रोज चारच्या सुमाराला गिऱ्हाईक ओसरलं, की दोघं मिळून एखाद्या वाकड्या चाकाचा आऊट काढायला, म्हणजे ते सरळ करायला बसत. सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी. पलीकडे एकनाथराव हातात चावी घेऊन तारा पिळायला, अलीकडे अहिल्याबाई रिमला नख लावून बघायला. चाक फिरे. ते विचारत, "किती?" त्या सांगत, "डावीकडं कणभर." तार पिळली जाई. पुन्हा, "किती?" त्या दोन 'किती?'च्या मधून मग सगळा संसार चाले. केदारची फी, नणंदेचं रुसणं, उद्याची भाजी. शेवटी ते विचारत, "झालं का?" आणि चाक अगदी सुतासारखं सरळ झालेलं असलं, तरी अहिल्याबाई म्हणत, "अजून कणभर."

एकनाथरावांची नजर बायकोहून तीक्ष्ण होती. चाक सरळ झालंय, हे त्यांना दिसत असणारच. पण ते चावी लावल्यासारखं करत आणि बसून राहत.

तर सप्टेंबरात केदार आठवडाभर ऑस्टिनला गेला आणि अहिल्याबाईंनी पदर खोचला.

पहिल्या दिवशी खोकी रस्त्याकडेला. दुसऱ्या दिवशी भिंत. त्या भिंतीवर त्यांनी बोटाची पेरं वाजवली आणि थक्क झाल्या. पोकळ! इतक्या लाखांचं घर आणि भिंत पुठ्ठ्याची! मग नारळ पारखावा तशा त्या भिंत वाजवत गेल्या. जिथं आवाज भरीव आला, तिथं आत लाकूड. तिथं हूक. टुकटुक यंत्र खोक्यातच राहिलं. दाराजवळ पंप आला. पाटावर बसायची जागा झाली. पंक्चर बघायला पाणी हवं म्हणून स्वयंपाकघरातली मोठी परात आली.

"आई, ती माझ्या आईनं दिलेली परात आहे," सुनेत्रा दारात उभी राहून म्हणाली.

"अगं, पाणीच तर घालतेय. लोणचं नाही."

"आणि तो स्टँड? तो नाही वापरत तुम्ही?"

"बघितला लावून. सायकलला फाशी दिल्यासारखं दिसतं. त्यावर मी फडकी वाळत घातलीयत."

सुनेत्रानं कपाळाला हात लावला, पण हसत. सासूबाई तीन महिन्यांत पहिल्यांदा गुणगुणताना दिसत होत्या.

शेवटच्या दिवशी कुंपणाला लावून उरलेला पिवळा रंग सापडला. दुकान मांडलं म्हणजे नंबर आलेच. अहिल्याबाईंनी ब्रश घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी केदार आला, गॅरेजचं दार वर गेलं आणि तो बॅगेसकट उभा राहिला. सायकली हुकांवर ओळीनं टांगलेल्या, पान्हे मापानं लावलेले. त्याचा चेहरा उजळला. मग नजर पहिल्या सायकलीवर गेली. कार्बनच्या काळ्याभोर दांडीवर ठसठशीत पिवळा एक.

"आई! हे काय केलंस?"

"मडगार्डच नाही रे तिला. मग दांडीवर काढला."

"अगं, कार्बन आहे तो! साडेतीन हजार डॉलर!"

"म्हणून तर. हरवली तर ओळखू यायला नको?"

"आजी, दॅट्स सो कूल!" चारुता आतून ओरडली. तिच्या सायकलवर तीन होता.

केदारनं शेवटच्या लोखंडी सायकलीपर्यंत नजर फिरवली. मग दमलेल्या आवाजात म्हणाला, "एक, दोन, तीन आणि एकदम सात? मधल्या कुठायत?"

"भाड्यानं गेल्यात," अहिल्याबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. बॅग उचलून आत गेला. जेवताना "आई, जेवलीस?" हेही विचारलं नाही. तीनातलं एक वाक्य गेलं. अहिल्याबाईंनी रात्री मनाशी हिशोब केला, अजून दहा आठवडे. आणि आपणच आपल्या हातानं दार लावून घेतलं.

सकाळी केदारनं इंटरनेटवर वाचलं, की कार्बनला थिनर चालत नाही. कोमट पाणी आणि नख, हाच उपाय. तास-दीड तास लागेल, असं लिहिलं होतं. तो वाटीत पाणी घेऊन गॅरेजमध्ये आला, एक नंबर खाली उतरवली आणि बादली पालथी घालून तिच्यापुढं बसला. पलीकडे पाटावर अहिल्याबाई आधीपासून होत्या. लोखंडी सात नंबर उलटी उभी होती आणि त्या एकट्याच आऊट काढत होत्या. चाक फिरवायचं, नखानं बघायचं, मग उठून पलीकडे जाऊन तार पिळायची, परत येऊन बसायचं. गुडघे कुरकुरत होते. केदारकडे त्यांनी बघितलं नाही. कॉलवर नसलेल्या मुलाशी काय बोलायचं असतं, तेच त्या विसरल्या होत्या.

पाच मिनिटं नुसतं नख खरवडल्याचा आवाज आणि चाकाची सरसर. तिसऱ्यांदा त्या उठायला लागल्या, तेव्हा मान खाली ठेवूनच केदारच्या तोंडून निघालं,

"किती?"

अहिल्याबाई उठता उठता तशाच खाली बसल्या. आवाज त्याचा होता. विचारायची ढब मात्र दुपारी चारची होती. दप्तर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून या पोरानं ती किती वर्षं ऐकली असेल.

"उजवीकडं," त्या म्हणाल्या. मग रिमला नख लावून पुन्हा म्हणाल्या, "उजवीकडं, दोन कण."

केदारनं वाटी बाजूला ठेवली, बादली ओढून पलीकडे आणली आणि चावी घेतली. "ही तार?"

"शेजारची. अर्धाच पीळ दे. तुझा बाप तुला काय शिकवून गेला, कॉल घ्यायला?"

"बाबा मला हात कुठं लावू देत होते! चावी मागितली, की म्हणायचे, अभ्यास कर, नाहीतर अमेरिकेला कोण जाईल."

"म्हणायचे खरं. आणि तू गेल्यावर आठ दिवस चाक घेऊन बसायचे आणि विचारायचे काहीच नाहीत. मीच आपली सांगायची, डावीकडं, उजवीकडं."

केदारचा हात थांबला. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कॉलवर होतास."

त्यानं चाक फिरवलं. "किती?" डावीकडं कणभर. सुनेत्रा येऊन परातीकडं एक उदास नजर टाकून चहा ठेवून गेली. एक नंबर भिंतीला टेकून उभी होती, तिचा एक वरून अर्धा खरवडलेला. आतल्या टेबलावर केदारचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. अहिल्याबाईंनी नजर रिमवरच ठेवली. चाक फिरत होतं, नखाला आता कुठंच लागत नव्हतं.

"झालं का?" केदारनं विचारलं.

चाक सुतासारखं सरळ होतं.

"अजून कणभर," अहिल्याबाई म्हणाल्या.

केदारनं चाकाकडं बघितलं, मग आईकडं. आणि चावी लावल्यासारखं करून बसून राहिला.