मामाला मी दिसले नाही

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचे. एकदा एका ताईंच्या अनुभवाखाली "झोप पूर्ण घेत जा" अशी कमेंटही टाकली होती. त्यामुळे आज स्वतःचं लिहायला बसताना ओशाळल्यासारखं होतंय.

आमच्या घरात या गोष्टींना थाराच नाही. छप्पनच्या धर्मांतरानंतर पणजोबांनी देव्हारा उतरवला, तो उतरवलाच. अंगात येणं, नजर लागणं, बाहेरचं... असले शब्द निघाले तरी आजोबा जेवणावरून उठायचे. माझा मामा तर त्यांच्याहून कडक. दर रविवारी विहारात मुलांना जमवून लिंबातून 'रक्त' कसं काढतात ते करून दाखवतो आणि त्यामागची केमिकलं सांगतो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा झाला.

मी शीतल (नाव बदललंय). गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. घरची टोमॅटो-कांद्याची शेती. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. पहिल्या प्रयत्नात पूर्वपरीक्षाच गेली. दुसऱ्या वेळी चार मार्कांनी राहिली. तेव्हा माझं वय सव्वीस. पप्पांनी स्पष्ट सांगितलं, "हा शेवटचा. दिवाळीनंतर स्थळं बघायची, मग तू मधी बोलायचं नाय." मी हो म्हटलं. दुसरं म्हणणार काय?

आणि नेमकं तेव्हाच माझं लक्ष लागेनासं झालं. लागत नाही म्हणजे किती... राज्यपालाच्या अधिकारांचं एक पान मी तीन दिवस वाचत होते. डोळे ओळीवरून फिरायचे, खाली पोचले की वर काय होतं ते आठवायचं नाही. म्हणून हायलायटर घेतला, तर अख्खं पान पिवळं. वेळापत्रकं केली, अकरा. प्रत्येक वेळी नवीन रंगाच्या पेनाने. नारायणगावच्या अभ्यासिकेत खुर्ची लावली, तर शेजारच्या मुलीचं पेन टकटक करायचं, पंखा कुरकुरायचा, माझा पाय टेबलाखाली आपोआप हलायचा. दर नऊ-दहा मिनिटांनी हात फोनकडे. फोन घरी ठेवला तर तो वाजल्याचा भास व्हायचा. शेवटी आईने तो तांदळाच्या डब्यात लपवला. दुपारपर्यंत मी तो शोधून काढला आणि पाऊण तास डब्यापाशीच उकिडवी बसून रील्स बघितल्या. मग स्वतःचीच इतकी चीड आली की रडले.

मामा जुन्नरला राहतो. तिथल्याच एका लेणीसमूहावर कंत्राटी राखणदार आहे. कुठल्या ते लिहीत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. जुन्नरभोवती डोंगरात इतकी लेणी आहेत की ओळखू येणार नाही. आईने त्याला फोनवर माझं रडगाणं सांगितलं असणार. तो रविवारी घरी आला आणि म्हणाला, "शीतल, माझ्याकडं चल राहायला. सकाळी माझ्यासंगं वर यायचं. टोकाला एक खोली हाये, तिकडं कुणी फिरकत नाय. रेंज नाय, पंखा नाय, मैत्रिणी नाय. बघू कसं लक्ष लागत नाय ते!"

ती खोली सांगते. लेण्यांची रांग संपते तिथून पुढे कातळातच खोदलेल्या अरुंद पायवाटेने वीसेक पावलं गेलं की एक सुटी कोठडी. भिक्खूंच्या राहण्याची. आठ फूट बाय आठ फूट, त्याहून मोठी नाही. एकच दार, समोर उघडं. खिडकी नाही, कोनाडा नाही, मागे दुसरी वाट नाही. डाव्या भिंतीला लागून दगडाचाच ओटा, भिक्खूंच्या झोपण्यासाठी खोदलेला. मी त्यावर घोंगडीची घडी टाकून भिंतीला टेकून बसायचे. लपायला तिथे मांजरालाही जागा नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

पहिले चार दिवस काहीच फरक पडला नाही. दगड थंडगार, पाठ दुखायची. रेंज नसतानाही मी फोन उघडून जुने फोटो बघत बसायचे. दर अर्ध्या तासाला उठून दारात यायचे, खाली पिंपळाखाली खुर्ची टाकून बसलेल्या मामाला हात करायचे. तो लांबूनच "बस, बस" अशी खूण करायचा. चौथ्या दिवशी उतरताना मी त्याला म्हटलं, "मामा, माझ्याच्याने नाही होत. पप्पांना सांग, बघा स्थळं." त्याने नुसती माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली.

पाचवा दिवस. साडेदहाला वर पोचले. फोन ओट्यावर उजव्या हाताला, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पालथा ठेवला. पाण्याची बाटली खाली. सॅक पायाशी. पंचायत राजचं प्रकरण उघडलं आणि वही मांडीवर घेतली. पाय हलत होता, हे नक्की आठवतं. मनात म्हटलंसुद्धा, आज पण तेच.

आणि मग... लागलं लक्ष. असं सांगितल्यावर लोक म्हणतात, मग त्यात काय? पण ज्याला महिनोन्‌महिने ते लागलेलं नाही त्याला कळेल. वाक्य वाचलं की कळत होतं. कळलं की वहीत उतरत होतं. ना तहान, ना भूक, ना घड्याळ. पाय कधी थांबला मला माहीत नाही. कसलाही आवाज ऐकल्याचं आठवत नाही. पक्ष्याचा, वाऱ्याचा, कसलाच नाही. प्रकरण संपलं, पुढचं घेतलं, तेही संपलं. मग घसा कोरडा पडल्याचं जाणवलं आणि मी मान वर केली. वहीची तेवीस पानं भरली होती. किती वाजले बघावं म्हणून उजवीकडे हात टाकला, तर फोन नाही.

आधी वाटलं घसरून पडला. खाली बघितलं, घोंगडी झटकली, सॅक उलटी केली. नाही. कुणी आत आलं असतं तर दारातला उजेड अडला असता ना? आणि माझ्या गुडघ्याला जवळजवळ लागूनच हात घालावा लागला असता. मी तशीच उठले, घाईने बाहेर आले.

खाली पायऱ्यांशी गर्दी होती. मामा होता, त्याचा चेहरा टोमॅटोसारखा सुजलेला, एक डोळा बंद. पप्पा होते. बोरीहून इतक्या लांब पप्पा कसे आले? पायथ्याच्या गावातले दोघेजण काठ्या घेऊन उभे होते. मामाच्या हातात माझा फोन होता.

"कुठं व्हतीस तू?" मामा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला.

"वर. खोलीतच. अभ्यास करत होते."

"खोटं बोलू नको! मी आत येऊन गेलो. तू नव्हतीस!"

झालं होतं ते असं. पाऊण वाजायच्या सुमाराला लेण्यांवरचं आग्या मोहोळ उठलं. एक सहल आली होती, कुणीतरी खाली पाचोळ्याला काडी लावली असावी. मुलं किंचाळत पळाली. मामाने सगळ्यांना खाली काढलं. त्यात त्याला माश्या डसल्या, पळताना त्याचा फोनही कुठेतरी पडला. मग त्याला मी आठवले. डोक्यावर पोतं घेऊन तो परत वर चढला आणि पायवाटेने टोकाच्या खोलीत आला. दारातून नाही, आत आला. सॅक होती. घोंगडी होती. पुस्तक उघडं, त्यात हायलायटर. मी नव्हते. त्याने तीनदा हाक मारली. मी घाबरून पलीकडच्या घळीत उतरले की काय, पडले की काय, असं त्याला वाटलं. माझा फोन उचलून तो रेंजच्या वळणापर्यंत पळत गेला आणि तिथून पप्पांना फोन लावला. फोनमधली वेळ मी नंतर पाहिली. एक वाजून बारा मिनिटं.

मी खाली आले तेव्हा चार वाजायला आले होते. मधले जवळजवळ तीन तास ही माणसं मला घळीत शोधत होती; खोली मामाने बघितलीच होती, म्हणून तिकडे परत कुणी फिरकलं नाही.

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, मी हललेच नाही. वही दाखवली. पप्पांनी पानं उलटली, मिटली, परत दिली. "लिहायला काय, कुठंबी बसून येतं." एवढंच.

आता बघा माझी अडचण. दुसऱ्या एखाद्या घरात म्हणाले असते, तिला काहीतरी झालं, उतारा टाका. आमच्या घरात तो मार्गच नव्हता. मामा खोटं बोलत नाही. माणूस नाहीसा होत नाही. मग उरलं काय? पोरगी तिथे नव्हती. दुसरीकडे कुठेतरी होती. कुणाबरोबर तरी होती.

रात्री आईने पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता विचारलं, "कोण हाये तो?"

"कुणी नाही गं आई."

"नाव सांग. आपल्यातला असंल तर मी बोलते पप्पांशी."

मी काय सांगणार! फोन काढून घेतला गेला. काकूने सगळे मेसेज वाचले. काहीच सापडलं नाही, तर म्हणाली, "हुशार हाये, पुसलं असंल." पप्पांनी एका पावण्यांना फोन लावून मुलाची माहिती मागवली. मी पुस्तक घेऊन बसायचे आणि अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. सारखं वाटायचं, उठावं, चालावं. घर ते विहीर, विहीर ते घर. कधीकधी मलाच शंका यायची. मी खरंच कुठे गेले होते का? अडीच-तीन तासांत कुठे गेले असेन? मग वही उघडून माझंच अक्षर बघायचे. सरळ, एकसारखं, कुठे खाडाखोड नाही. इतकं सुंदर मी कधीच लिहीत नाही.

आठव्या दिवशी सकाळी मामा आला. सूज उतरली होती. आईने चहा ठेवला, त्याने घेतला नाही. ओसरीवर पप्पांसमोर बसला आणि मला हाक मारली, "शीतल, तू बी ये."

"दाजी," तो म्हणाला, "मी एक गोष्ट त्या दिवशी सांगितली नाय. सांगायला पायजे व्हती."

"मी फोन उचलला ना... तवा माझा हात घोंगडीवर टेकला. घोंगडी गरम व्हती. आत्ता माणूस बसून उठावं तशी नाय, दाजी. बसलेलंच असावं तशी. आन् दाबलेली. माझा हात टेकला, तिथंच शेजारी ती खाली दाबलेली व्हती. मी बघत व्हतो आन् तिथं कुणी नव्हतं."

आई चहाची कपबशी हातात धरून दारात उभी.

"मग तवाच का नाय बोललास?" पप्पांनी विचारलं.

मामाने मान खाली घातली. "कुठल्या तोंडानं बोलू? दर रविवारी पोरान्ला काय शिकवतो मी? हे सांगितलं आसतं तर लोक हसले आसते... आन् नाय सांगितलं तर पोरीचं नाव खराब. आठ दिस झोप नाय मला. मला कळत नाय दाजी, काय व्हतं ते. पण पोरगी खोटं बोलत नाय. हे मी विहारात उभा राहून सांगीन."

पप्पांनी आईच्या हातातला चहा घेऊन मामापुढे सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता अभ्यासाला बसणार कुठं?"

एवढंच. माफी नाही, काही नाही. त्याच दुपारी त्यांनी कांदे साठवायच्या चाळीशेजारची खोली रिकामी केली, फवारणीचा पंप आणि खताची पोती बाहेर काढली, बल्ब लावला. पावण्यांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण पुन्हा फोन आला नाही.

मी त्या खोलीत अभ्यास केला. सरळ लक्ष लागलं असं म्हणणार नाही, ते कधीच लागलं नाही. वीस मिनिटं वाचायचं, उठायचं, चाळीला एक चक्कर मारायची, परत बसायचं. असं ओढत-ओढत केलं. पूर्वपरीक्षा निघाली, मुख्यही निघाली. आता आंबेगाव तालुक्यात एका सरकारी कार्यालयात नोकरीला आहे, घोडेगावला खोली घेऊन राहते. पंचायत राजवरचे प्रश्न मात्र मला एकही न चुकता आले. ती तेवीस पानं मी पुन्हा एकदाही वाचली नव्हती.

कारणं मीही शोधली. भर उन्हातून अंधारात आलं की डोळ्यांना दिसत नाही, खरं आहे. पण मग काळी सॅक आणि पुस्तकातला हायलायटर कसे दिसले? मामा घाबरलेला होता, मान्य. एखादं माणूस वाचनात इतकं बुडू शकतं की हाक ऐकू येत नाही, तेही मान्य. पण गुडघ्यापासून वीतभर अंतरावर दुसऱ्याचा हात टेकतो आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही? यावर एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली ताण होता. असेल. माझा होता. मामाचा हात गरम घोंगडीवर पडला, त्याला कुणाचा ताण?

गेल्या सुट्टीत मी मामाला म्हटलं, "चल ना, एकदा मुद्दाम बघून येऊ. मी तिथेच बसते, तसंच पुस्तक घेऊन. तू दारातून आत ये. म्हणजे काय दिसतं, काय नाही, एकदाचं कळेल."

मामा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. हातातली शेंग त्याने तशीच ठेवली.

"आन् परत नाय दिसलीस तर?"

मी पुन्हा विषय काढलेला नाही.