कुत्र्याचा घास

मी कुत्र्याला हात मिळवायला किंवा चेंडू आणायला शिकवत नव्हते. तेवढी हौस कोणाला आहे? मला त्याच्याकडून एकच काम हवं होतं. बाबांनी फाटकाच्या कडीला हात लावला, की भुंकायचं.

अकोल्यात जठारपेठेत आमचं घर. घरात मी, बाबा आणि ते काळं गावठी कुत्रं. मी जेवणाचे डबे करून देते. मागच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, की पुढचं घर कोणी उचलून नेलं तरी मला कळायचं नाही. आणि बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग आई वारली हे गेलं, मग मी गेले. राहिली फक्त परतवाड्याकडची संत्र्याची बाग. ती विकूनही जमाना झाला, पण रोज दुपारी त्यांना तिथे ओलित करायला जायचं असे. उठले की निघाले.

फाटकाला कुलूप लावून पाहिलं होतं. बाबांनी फाटक धरून असं हलवलं की तळहाताची सालटी निघाली, आणि रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला ओरडून सांगत राहिले, ह्या बाईनं मले कोंडून ठेवलं. ह्या बाईनं! ते कुलूप मी त्याच संध्याकाळी नालीत फेकलं. आता बोला.

धाकटा भाऊ अमरावतीला असतो. बाबा आणखी एकदा हरवले तर त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात नेईन, असं त्यानं सांगून टाकलं होतं. तो वाईट नाही, पण दुरून डोंगर साजरे तसे दुरून म्हातारेही साजरे. मला बाबांना कुठेच धाडायचं नव्हतं. ह्या घरात निदान भिंती तरी त्यांच्या ओळखीच्या होत्या.

कुत्र्याला शिकवायचे व्हिडिओ त्यानंच पाठवले. मारायचं नाही, रागवायचं नाही. हवं ते केलं की त्याच घडीला बक्षीस द्यायचं, नको ते केलं तर नुसतं थांबायचं. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या गल्लीला माहीत आहे, मला कसलं थांबणं जमतं? पण जमवलं. अंडं उकडून त्याचे बारीक तुकडे डबीत भरायचे, डबी कमरेला खोचायची. मी कडी वाजवायची, कुत्रं भुंकलं की शाबास म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. शाबास हा बाबांचाच शब्द. बागेतल्या कुत्र्यांशी ते असंच बोलायचे.

आणि खरं सांगते, ते शिकलं. बाबा कडीला हात लावायचे, कुत्रं घर डोक्यावर घ्यायचं, मी हातचं टाकून धावायचे. कुत्र्याला अंडं, बाबांना चहा. बागेत पाणी सोडून आला गडी, असं सांगितलं की बाबा निमूट आत यायचे. त्या दिवसांत मी पोळ्या लाटताना चक्क गुणगुणत होते. म्हटलं, देवानं नाही पण कुत्र्यानं तरी ऐकलं.

मग एका दुपारी कुत्रं भुंकलंच नाही. डबे भरून बाहेर आले तर फाटक सताड उघडं, बाबा नाहीत, कुत्रंही नाही. पायात चप्पल नाही, हाताला कणीक तशीच, मी गल्लीभर विचारत सुटले. बाबा सापडले बसस्टँडवर, परतवाड्याच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलेले. पायाशी कुत्रं. मला पाहून ते शेपटी हलवत आलं आणि माझ्या कमरेची डबी हुंगू लागलं. मला इतका संताप आला, की तिथेच ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी मिक्सर बंद ठेवला आणि दाराआडून पाहत बसले. बाबा उठले, फाटकाशी गेले, कडीला हात लावला. कुत्रं भुंकलं. बाबा रागावले नाहीत. नुसते उभे राहिले. कुत्रं भुंकून भुंकून गप्प झालं, तसा त्यांनी बंडीच्या खिशातून भाकरीचा तुकडा काढला, त्याच्या तोंडात दिला आणि म्हणाले, "शाबास." मग हळूच कडी काढली.

आमच्याकडे जेवताना शेवटचा घास कुत्र्याचा. बागेवरची जुनी रीत. सगळं विसरले, पण ताटावरून उठताना भाकरीचा तेवढा तुकडा खिशात टाकायला बाबा कधी विसरले नाहीत. मला त्याचं किती कौतुक! एवढं तरी ध्यानात आहे म्हणून मी त्यांना मुद्दाम एक भाकर जास्तीची वाढायचे. माझ्या अंड्याशी चढाओढ करायला मीच बाबांना भाकरी भाजून देत होते, आणि अंड्यापेक्षा भाकरी भारी पडली. हवं ते केलं की त्याच घडीला बक्षीस. व्हिडिओवाल्यापेक्षा बाबांना ते जास्त येत होतं.

भावाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, कुलूप लाव. नाहीतं मी येऊन बाबाले घेऊन जातो."

बाजारातून मोठं कुलूप आणलं. फाटकाशी आले तर बाबा तिथेच उभे, शेजारी कुत्रं शहाण्यासारखं बसलेलं. मला कुलूप लावता येईना. फाटकाला डोकं टेकवून मी लहान पोरीसारखी हुंदके देत राहिले.

"कावून रडून राहिली माय?" बाबांनी विचारलं. "भूक लागली काय?"

मी मान वर केली. माझी ओळख त्यांच्या डोळ्यांत कुठेच नव्हती. त्यांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला, पण लगेच दिला नाही. हातात धरून उभे राहिले, माझ्याकडे बघत, अजिबात घाई न करता. माझं रडणं हळूहळू थांबलं. तेव्हा त्यांनी तो घास माझ्या तोंडाशी धरला.

"शाबास," ते म्हणाले.

मी तो खाल्ला, आणि कुलूप लावलं.