लोखंडाचा कण

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक काका बसले होते. सगळी नोकरी लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनवर काढलेले टर्नर. तिथली मुलगी त्यांना प्रश्न विचारून फॉर्म भरत होती. पेसमेकर? नाही. किडनीचा त्रास? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

"ते तर रोजचंच," काका हसले. "रुमालाच्या टोकानं काढायचा आणि पुन्हा कामाला लागायचं."

मुलीचं पेन थांबलं. "काका, एखादा आत राहिला असेल तर या मशीनच्या चुंबकानं हलेल. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू."

काका ओशाळले. खरं तर त्यांनी काही लपवलं नव्हतं. अंगवळणी पडलेलं दुखणं माणसाला सांगण्यासारखं वाटतच नाही.

माझा मानेचा एमआरआय होता, चित्र ठळक यावं म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन. मागच्या वेळी त्याच इंजेक्शननं माझ्या अंगभर पित्त उठलं होतं. आज फॉर्मवर 'इंजेक्शनचा कधी त्रास झाला होता का?' हा प्रश्न आला तेव्हा मी 'नाही' लिहून मोकळी झाले होते. म्हटलं, उगाच तपासणी लांबायला नको. काकांनी निदान विचारल्यावर खरं सांगितलं.

मी उठले. "अगं, माझा फॉर्म जरा परत दे."