केस धुते मी, गिझर ठरवला त्यांनी

पार्लरवाल्या मैत्रिणींनो, आज लई राग आलाय, म्हणून लिहितेय.

कळंब्यात माझं पार्लर हाय. केस धुवायला दोन बेसिन. मी प्लंबरला सांगितलेलं, पंचवीस लिटरचा गिझर बसवा. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "पावणं, बायकांच्या केसांना असं किती पाणी लागतंय?" मी गिऱ्हाईकाला रंग लावत होते, तेवढ्यात दोघांनी तीन लिटरचा इन्स्टंट बसवला बी.

आज सकाळी दोन्ही बेसिन एकदम चालू झाली. एका बेसिनवर उद्या हळद असलेली नवरी, डोकं फेसानं भरलेलं, आणि नळाला बर्फागत पाणी. पोरगी किंचाळलीच. शेवटी शेजारच्या चहावाल्याकडनं पातेलंभर गरम पाणी आणून मग्यानं तिचे केस धुतले. तिची आई म्हणाली, "एवढं पार्लर टाकलंय, आणि गरम पाणी न्हाय व्हय?"

दुपारी प्लंबर आला. मी समोर उभी असताना विचारतोय, "साहेब कुठं हायत? त्यांच्यासंगच बोलतो की."

बारा वर्षं मी रोज लोकांची डोकी धुतेय. साहेबांनी आजवर एक धुतलेलं न्हाय.

तुमच्या पार्लरचा गिझर कुणी ठरवला, खरं सांगा.