बिनतोंडाची तसबीर

चांद्यात जटपुरा दरवाजाच्या आत शफीचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. दुकान शफीचं म्हणायचं, पण अर्धं काम त्याच्या बायकोच्या, रहमतबीच्या हातचं. काच कापायची शफीनं, सागवानी पट्ट्या जोडायच्या शफीनं. पण काच लख्ख पुसणं, पुठ्ठा बसवणं, मागून खळ लावून कागद चिकटवणं हे सगळं तिचं. चैत्रात महाकालीची जत्रा भरली की देवीच्या तसबिरींना एवढी मागणी यायची, की बिचारीला मान वर करायला फुरसत नसे. भांदकच्या माहेराहून लग्न होऊन आली तेव्हापासून साऱ्या चांद्याच्या भिंती तिनं सजवल्या. तिची स्वतःची भिंत मात्र कोरीच.

त्याचं कारण घरातच बसलेलं होतं. सासरे, हाफिजजी. कुराण तोंडपाठ, बोलणं कडक, मनानं वाईट मुळीच नाहीत. त्यांचा नियम एकच: दुकानात काय ते करा, पोटाचा धंदा आहे, पण दुकानामागच्या घरात नमाज होते, तिथं जिवंत प्राण्याचं चित्र लागणार नाही. माणूस नाही, पाखरू नाही, मुंगीसुद्धा नाही. एकदा शफीनं हौसेनं कॅलेंडर आणलं, तर हाफिजजींनी कात्री घेऊन वरची घागरवाली बाई कापली आणि खालच्या तारखा तेवढ्या लटकवल्या. मक्का-मदिनेची तसबीर बैठकीत होती, नाही असं नाही. पण तिच्यापुढं रहमतबी अदबीनं नजर खाली करायची. तिला हवं होतं नुसतं बघायला काहीतरी. काम आटोपून जरा टेकलं की डोळ्यांना बरं वाटेल असं. एवढं मागणं जास्त होतं का हो? शेजारच्या रुखमाबाईकडं ती उगाच मीठ मागायला जायची आणि तिच्या भिंतीवरची चित्रं बघत बसायची. रुखमाबाई म्हणायची, हिच्या घरात मीठ पुरत कसं नाही.

मग पंचावन्न साली जंगलखात्याचे एक साहेब मुंबईहून आणलेली दोन छापील चित्रं घेऊन दुकानात आले. एक धबधब्याचं, ते मढवायचं. दुसरं त्यांच्या बाईसाहेबांना अजिबात पसंत नव्हतं; साहेब म्हणाले, पाठीमागं चिकटवायला कामाला येईल, ठेवून घ्या. रहमतबीनं खळीची वाटी जवळ ओढली, तो कागद उलगडला, आणि तिचा हात तिथंच थांबला. त्या चित्रात काहीच नव्हतं! तोंड नाही, हातपाय नाहीत, झाड नाही, घर नाही. पिवळ्यात तांबडा, तांबड्याला खेटून गर्द निळा, मधूनच एक काळी वळणदार रेघ आणि दोनचार ठिपके. हे चित्र आपल्यासाठीच आलंय, असं तिला वाटलं, आणि मी म्हणतो तिचं काय चुकलं?

शफीनं डोकं खाजवलं. बापापुढं बोलायची त्याची टाप नव्हती. तुम्ही फक्त मढवा, अब्बांचं मी बघते, असं तिनं बजावलं, तेव्हा त्यानं ठेवणीतली सागवानी पट्टी काढली.

हाफिजजींनी चष्मा लावून चित्र न्याहाळलं. नाक काचेला लागेपर्यंत बघितलं. त्यात त्यांना काही सापडेना. शेवटी म्हणाले, लावा. पण ज्या दिवशी कुणाला यात जीव दिसेल त्या दिवशी हे उतरेल.

झालं! मोहल्ल्याला तेवढंच हवं होतं. जो येई तो चित्रासमोर उभा राहून जनावर शोधी. लटारू गाडीवानाला बैलाचं शिंग दिसलं. तुम्हाला बैलाशिवाय दुसरं काय दिसणार, म्हणून रहमतबीनं त्याला वाटेला लावलं. पण तिला घास गोड लागेना. हातातोंडाशी आलेलं जातंय की काय, या धास्तीनं ती अर्धी झाली.

आणि जुम्म्याच्या नमाजानंतर बैठकीत पाहुणे बसले असताना एक अत्तरवाले म्हातारे चित्राकडं बोट करून म्हणाले, ही तर कोंबडी. ही रेघ मान, हा ठिपका डोळा, ही चोच. एकदा सांगितल्यावर ती सगळ्यांना दिसली. मेली दिसलीच! पडद्याआडून बघणाऱ्या रहमतबीलाही दिसली. हाफिजजींनी सुस्कारा टाकला आणि शफीला तसबीर उतरवायला सांगितलं.

शफीनं ती उतरवली मात्र, रहमतबी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. सासऱ्यांच्या पाहुण्यांसमोर ती याआधी कधी उभी राहिली नव्हती. तिनं नवऱ्याच्या हातून तसबीर घेतली, खालची बाजू वर केली आणि छातीशी धरली.

"अब्बा, आता दाखवा कोंबडी."

सगळे बघायला लागले. मान कुठं गेली, चोच कुठं गेली, पत्ता लागेना. आता ती नुसती रेघ होती आणि नुसता ठिपका.

"बाजारात कोंबड्या पाय बांधून उलट्याच टांगतात ना?" रहमतबी म्हणाली. "उलटी टांगली तरी कोंबडी कोंबडीच राह्यते. इथली गायब झाली, म्हणजे ती कधी नव्हतीच."

अत्तरवाले मान तिरपी करून पुन्हा शोधायला लागले. तशी हाफिजजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मान काऊन वाकडी करून राह्यले, मियाँ? सरळ बसून दिसत असंन तर सांगा."

अत्तरवाल्यांनी मान सरळ केली. मग हाफिजजींच्या दाढीत हसू फुटलं. एवढं हसताना त्यांना घरात कुणी पाहिलंच नव्हतं. शफीला त्यांनी हुकूम दिला, टांगायच्या कड्या काढ आणि दुसऱ्या अंगाला ठोक. ही तसबीर इथंच, बैठकीतच राहील. वर सुनेकडं बघून म्हणाले, "बेटा, तू जिंकली."

ती जिंकलीच होती, आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. तसबीर भिंतीवर गेली तशी ती समोरच्या चटईवर सगळ्यांदेखत मांडी घालून बसली आणि डोळे भरून बघत राहिली. पिवळा, तांबडा, निळा. तिच्या घरात, तिच्या भिंतीवर. पाहुणे ताटकळले होते, पण तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी चहा शफीनं केला.