हार्ड डिस्कची कुस्ती

जामखेडच्या स्टँडमागे लॅपटॉप दुरुस्त करणारे ते गृहस्थ जत्रेतल्या कुस्त्यांचं निवेदनही करतात, आणि दुकानातही त्यांचा माईक काही बंद होत नाही.

मी लग्नांचं शूटिंग करतो. त्या दुपारी माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करायला लागली. आत एक अख्खं लग्न, आणि नवरा-नवरी संध्याकाळीच ऊसतोडीला निघणार होती. व्हिडिओ मोबाईलवर सोबत हवा म्हणून नवरीचे फोनवर फोन.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या दुकानात धावलो. त्यांनी डिस्क बाहेर काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली, फाईली कॉपीला लावल्या आणि बोटांनी टेबलावर हलगीचा ठेका धरला. "आला, आला! गडी हळदीला भिडला! टाळ्या होऊ द्या!" शेजारचा कापडवाला धावत आला. चहावाला थांबला. मीही ओरडायला लागलो.

मंगलाष्टकांवर कॉपी अडली. हलगी थांबली. त्यांनी डिस्क अलगद उचलून तळहातावर कलती धरली, तशी टकटक थांबली आणि फाईल पुन्हा सरकू लागली. मग तो बडबड्या माणूस श्वास रोखून तसाच उभा राहिला. खिशातला फोन वाजून गेला, नाकावर घाम आला, पण हात हलला नाही.

शेवटची, वरातीची फाईल उतरली आणि डिस्क खरखरून कायमची गप्प झाली. आम्ही एकदम ओरडलो, "मारली कुस्ती!"

त्यांनी मात्र आधी डिस्कच्या पाया पडल्यासारखा हात कपाळाला लावला.

"टाळ्या ह्या गड्याला द्या की! पाठ टेकली, पन काम पुरं करून टेकली."