कोरडं कपाळ

तळेगाव स्टेशनाबाहेर एक चावीवाले बसतात, ते चाव्या करून देतात. बंद दार उघडायलाही येतात. साधं लॅच उघडायला त्यांना अर्धा तास लागायचा. खुटखुट करायचे, सुस्कारे टाकायचे, मधेच कपाळ पुसायचे.

मागे सुपरहिरोंच्या दरोड्याचा एक विनोदी सिनेमा आला होता. थिएटरात ते नेमके माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. सगळे हसत होते, ते मात्र तिजोरीपाशी धडपडणाऱ्या जाड्या नटाकडे टक लावून बसले होते.

मध्यंतरात म्हणाले, "बाकीचे निस्त्या उड्या मारत्यात. ह्याला बघा. बोट लावलं की कुलूप उघडतंय, ही त्याची शक्ती. तरी घाम पुसतोय, जोडीदारांना त्याचं भ्या वाटू नये म्हून. असं काम करणं लय अवघड."

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू दार उघडेनात आणि फटीतून गॅसचा वास येऊ लागला. मी चावीवाल्यांना फोन केला. ते धावत जिना चढले, एक पातळ पट्टी फटीत सरकवली, आणि मी दोन श्वास घेतो न घेतो तोच दार उघडलं. काकू बेशुद्ध होत्या, पण वाचल्या.

जिन्यात जमलेले आम्ही सगळे चावीवाल्यांच्या हातांकडे बघत राहिलो. त्यांनी सवयीनं कपाळ पुसलं. ते कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दाराला नवं कुलूप आणलं. बसवायला दुसऱ्याला बोलावलं. आता स्टेशनाला मागच्या रस्त्यानं जातो.